कोरड्या विहिरीवरची मोट

माझ्या सख्ख्या बापाची विहीर मी माझ्या हातानं सरकारच्या ताब्यात दिली, आणि तीसुद्धा ठणठणीत कोरडी, असं लोक माझ्याबद्दल सांगतात. यातला एकही शब्द खोटा नाही. फक्त सांगताना ते पोट धरून हसतात आणि अर्ध्यातच थांबतात. म्हणून एकदा मीच सगळं सांगून टाकतो.

साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नवा जिल्हा म्हणजे कौतुक फार आणि खुर्च्या कमी. मी ज्या कचेरीत कनिष्ठ लिपिक होतो तिचं नाव घेत नाही, कारण माझी पेन्शन अजून चालू आहे. माझ्याकडे टंचाईचं टेबल होतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता, त्यामुळे सबंध कचेरीत भरभराट म्हणाल तर ती एकट्या माझ्या टेबलाची होती. टँकर माझ्याकडे, जनावरांच्या छावण्या माझ्याकडे, आणि विहिरी ताब्यात घेण्याचे हुकूमही माझ्याकडे. म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याची विहीर सरकारनं गावासाठी घ्यायची. हुकमाचा छापील नमुना होता. मी फक्त नाव भरायचं. इतकी सत्ता हाती असूनही कचेरीत मला कोणी नावानं हाक मारत नसे. "ए टंचाई, जरा चहाचं बघ," असं म्हणत.

मला साहेब म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि तो माझा बाप होता.

आमचे अप्पा, म्हणजे मडिवाळप्पा, शिरूर अनंतपाळच्या अलीकडं आमचं गाव आहे तिथं सगळी हयात शेतात राबले. आई गेल्यावर मी त्यांना लातूरला आणलं. आधी ते गल्ली विसरले, मग वार विसरले, मग जेवलो की नाही ते विसरले. माझ्या बायकोला, शिवगंगेला, ते अक्का म्हणत आणि तिच्या हातून दोन घास खात. मला मात्र ते साफ विसरले. संध्याकाळी मी सायकल लावून आत आलो की लगबगीनं उठून उभे राहत, टोपी नीट करत आणि हात जोडून म्हणत, "साहेब, माझं काम झालं का? मला गावाकडं जाऊ द्या."

सुरुवातीला मी समजावून पाहिलं. "अप्पा, मी मन्मथ. तुमचा मन्मथ." ते अदबीनं मान हलवत. साहेब लोक काय वाटेल ते बोलतात, आपण हो म्हणावं, इतकं शहाणपण त्यांच्याकडे शिल्लक होतं. मी बसल्याशिवाय ते बसत नसत. माझ्यासमोर जेवत नसत. म्हणून मी स्वयंपाकघरात दाराआड बसून जेवायचो, म्हणजे बाहेर त्यांच्या पोटात चार घास जातील. ज्या माणसानं मला खांद्यावर घेऊन निलंग्याचा बाजार दाखवला, तो माझ्यापुढे हात जोडून उभा राहतो हे रोज संध्याकाळी बघायचं, ही शिक्षा शत्रूलाही नको.

एक तरुण डॉक्टर तेव्हा लातुरात नव्यानं आले होते. त्यांनी अप्पांना तपासलं आणि सरळ सांगितलं, "याला औषध नाही. पण एक करून बघा. त्यांच्या उमेदीतलं गाणं त्यांना ऐकवा. माणूस नावं विसरतो, पण गाणं त्याला लवकर सोडत नाही. बाहेरच्या देशांत असे प्रयोग चालतात असं मी वाचलंय."

"कुठलं गाणं?" मी विचारलं.

"ते मी कसं सांगू? मुलगा तुम्ही."

मी सायकल हातात धरून चालत घरी आलो. छत्तीस वर्षांत माझ्या बापाला कुठलं गाणं आवडतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता गल्लीत ही गोष्ट मला सांगायची नव्हती, पण आमच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं आणि त्या रांगेत कुठलीच गोष्ट लपत नसे. पहिले आले भुजंगराव. हे आमचे शेजारी, मूळचे नांदेडचे, बदलीनं लातूरला आले ते निवृत्त होऊन इथंच राहिले. पण लातूरला जिल्हा म्हणून त्यांनी मनापासून मान्यता दिलेली नव्हती. "आमच्या नांदेडला गोदावरीच्या काठावर बसवा त्यांना," ते म्हणाले. "नदी ऐकली की माणूस ताळ्यावर येतो. इथं काय ऐकवणार तुम्ही? टँकर?" तरीपण स्वतःचा टेपरेकॉर्डर त्यांनी दिला, जुन्या सिनेमाच्या गाण्यांच्या तीन कॅसेटांसकट.

अप्पांनी गाणं नीट ऐकून घेतलं. मग उठून त्या यंत्राजवळ गेले, खाली वाकले आणि हलक्या आवाजात विचारलं, "तुमचं पण काम अडकून राहिलंय का हितं?"

मग शिवभजन करणारं मंडळ आणलं. अकरा माणसं आली. मोठ्या भक्तीनं म्हणाली, मोठ्या भक्तीनं चहा प्याली, आणि त्या चहात आमचं दोन दिवसांचं पाणी गेलं. अप्पा सबंध वेळ उभे होते, कारण घरात एकदम अकरा साहेब आले होते. शेवटी भुजंगरावांनी स्वतः पेटी काढली. त्यांनी तोंड उघडल्याबरोबर अप्पांनी अंथरुणावर पडून डोक्यावरून वाकळ ओढून घेतली. तीन आठवड्यांत त्यांनी मनापासून दिलेली दाद ती एवढीच. भुजंगराव पाच दिवस आमच्याशी बोलले नाहीत, आणि तेवढा एक फायदा झाला म्हणायचा.

उत्तर मिळालं ते हातपंपावर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो होता, आणि खाली पाणी इतकं खोल गेलं होतं की घागर भरायला पन्नास वेळा दांडा मारावा लागे. दांडा वर गेला की करकर, खाली आला की किर्र. एका रविवारी सकाळी अप्पा ओट्यावर ऊन खात बसले होते. त्यांनी कान टवकारले. जिभेनं टाळूवर टक टक आवाज केला, बैलाला करतात तसा. मग मान वर करून एक ओळ म्हणाले, नुसती बोलून नाही, गाऊन. आवाज इतका मोकळा होता की शिवगंगा हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

तेवढ्यात पंप आटला. करकर थांबली, अप्पांची ओळही थांबली, आणि मी दिसल्याबरोबर ते टोपी नीट करून उभे राहिले.

"मोटंवरचं हाय ते," शिवगंगा म्हणाली. "चाक असंच वाजायचं. त्यांचं एकट्याचं गाणं न्हाई ते, चाकाबरुबरचं हाय. चाक पाहिजे त्यांना."

मोट आता कोणी पाहिलेली नसते म्हणून सांगतो. चामड्याची मोठी पखाल दोरानं विहिरीत सोडायची. दोर वरच्या लाकडी चाकावरून बैलांच्या जोडीला बांधलेला. विहिरीच्या काठापासून खाली उताराची वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धाव उतरले की भरलेली मोट वर येते आणि पाणी रानात जातं. मग बैलांनी तोंड न वळवता उलट्या पावली वर यायचं, की मोट पुन्हा विहिरीत. दिवसभर हेच. अप्पांनी वीस वर्षं हे केलं होतं. मी सातवीत असताना विजेची मोटार बसली आणि मोट निकालात निघाली. तिचं चामडं कापून चपला करून घेतल्या होत्या, आणि त्या चपला घालून मी दोन वर्षं शाळेत गेलो होतो. म्हणजे आता जी मोट मी शोधत होतो ती मीच झिजवली होती.

मी ठरवलं, मोट उभी करायची. विहिरीत पाणी नाही हे मला माहीत होतं. पण डॉक्टरांनी गाणं सांगितलं होतं, पाणी सांगितलं नव्हतं.

आमची शेती गावचा ग्यानोबा बटाईनं करायचा. अप्पांच्या हाताखाली मोट हाकायला शिकलेला माणूस. त्याला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं की चाक त्याच्या गोठ्यात आहे, फक्त त्यावर कोंबड्या बसतात, त्यांची सोय दुसरीकडे लावतो. मोट मात्र कुठेच मिळेना. शेवटी निलंग्यात एका म्हाताऱ्या चामड्याच्या कारागिरानं त्याच्या वडिलांनी शिवलेली एक मोट आढ्यावरून उतरवली. ती विकायला तो तयार होईना. "वापरून आणून द्या," म्हणाला. "पण आदी दोन दिवस पाण्यात भिजवा, न्हाईतर चिरंल."

दुष्काळी साली दोन दिवस पाण्यात! शिवगंगेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. घरात करडीचं तेल होतं. लातुरात तेव्हा पाण्यापेक्षा तेल मिळणं सोपं होतं. चार दिवस रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी मोटेला तेल चोळायचो आणि अप्पा हात जोडून बाजूला उभे राहून बघायचे. साहेब इतकं हलकं काम स्वतः करतात याचं त्यांना फार वाईट वाटत असावं.

मोट एसटीत घेऊन चढलो तेव्हा कंडक्टर दोन पावलं मागे सरकला.

"हे काय हाय?"

"मोट."

"जित्ती हाय का मेलेली?"

सगळी बस नाकाला रुमाल लावून बसली, आणि मी सरकारी नोकर असूनही टपावर बसून गावाला गेलो.

बैलांचा घोटाळा आणखी वेगळा. ग्यानोबाची जोडी छावणीत होती, आणि छावणीतून जनावर बाहेर न्यायचं तर अर्ज लागतो. तो अर्जाचा नमुना माझ्याच टेबलावर तयार झालेला. त्यात कारणाचा रकाना मीच हौसेनं घातला होता. छावणीवरच्या माणसानं विचारलं, "बैल कशाला पाहिजेत?" मी म्हणालो, "वडिलांच्या गाण्याला साथ द्यायला." त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लिहिलं: सांस्कृतिक कार्यक्रम.

त्या रविवारी मी आणि ग्यानोबानं चाक बसवलं आणि बैल जुंपून एकदा चालवून पाहिलं. बैल धाव उतरले, आणि खाली जाऊन थांबले. उलटं चालायचं त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. बावीस वर्षांत बैलांच्या दोन पिढ्यांत ही विद्या बुडाली होती. ग्यानोबानं ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या, आणि माझ्या पायावर एका बैलानं पाय दिला. पण चाक मात्र वाजलं. असं वाजलं की दोन कोसांवर ऐकू गेलं. तेच आम्हाला भोवलं.

बुधवारी माझ्या टेबलावर एक प्रस्ताव आला. मौजे अमुक येथील श्री. मडिवाळप्पा यांच्या विहिरीवर मोट सुरू असल्याचे समजते, सबब सदर विहीर पिण्याच्या पाण्यासाठी ताब्यात घ्यावी. मी तो घेऊन कचेरीतल्या साहेबांकडे पळालो.

"साहेब, ही विहीर कोरडी आहे."

"कशावरून?"

"माझ्या वडिलांची आहे."

"मग तुम्ही हितसंबंधी झालात," साहेब म्हणाले. "हितसंबंधी माणसाच्या सांगण्यावरून विहीर कोरडी धरता येत नाही. आणि मोट चालू आहे असं लिहिलंय. कोरड्या विहिरीवर मोट चालवायला कोण वेडा बसलाय?"

त्या वेड्याचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं, पण नोकरीची बारा वर्षं आठवली आणि मी ते गिळलं. हुकमावर बापाचं नाव मीच भरलं. माझं अक्षर चांगलं आहे. तो हुकूम पुढे कधीच रद्द झाला नाही, कारण रद्द करायला आधी विहिरीत पाणी होतं याचा पुरावा लागतो. कागदोपत्री आमची विहीर आजही सरकारच्या ताब्यात आहे.

"रविवारी गावी जातच असाल, तर बजावूनही या," साहेब म्हणाले.

म्हणून रविवारी पहाटे मी माझ्याच बापावर हुकूम बजावला. सरकारी कागद पाहून अप्पांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "झालं का माझं काम, साहेब?"

"झालं अप्पा. चला गावाकडं."

त्यांनी अंगठा दिला आणि शिवगंगेच्या हाताला धरून, मागं न बघता, एसटीत जाऊन बसले.

शेतात पोचलो तर जत्रा भरलेली. शंभरएक माणसं, घागरी, हंडे, रॉकेलचे डबे. धावेच्या तोंडाशी टँकर लावलेला. तलाठी पंचनाम्याचे कागद मांडीवर घेऊन बांधावर बसलेला. आणि सगळ्यांच्या पुढं चतुराबाई, कमरेला पदर खोचून. शेजारच्या वस्तीवरची ही बाई पहाटेपासून चालत आली होती, आणि तिच्या तोंडाला भिऊन टँकरवाले तिच्या वस्तीवर एक खेप जास्त करतात हे मला टेबलावर बसून माहीत होतं.

"आला का हुकूमवाला!" ती ओरडली. "दुसऱ्याच्या हिरी धरून राहिलास, आन् घरची झाकून ठिवलास व्हय रं?"

"मावशी, विहीर कोरडी आहे."

"मंग मोट कशाला लावलीस?"

मी शिवगंगेकडे पाहिलं. अप्पांना तिनं बाभळीच्या सावलीत घोंगडीवर बसवलं होतं. खोटं सुचेना. "अप्पांनी गाणं म्हणावं म्हणून," मी म्हणालो.

मग जो हशा उठला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. टँकरचा ड्रायव्हर तर खाली बसून हसला. हसण्याचा भर ओसरल्यावर लोक चिडले. इतक्या लांबून उन्हात घागरी घेऊन आलेल्या माणसांना कोणी गाण्याचं कारण सांगावं, तर दुसरं काय होणार? तलाठी उठला. म्हणाला, "मोट सोडून दाखवा. पंचांसमोर."

ग्यानोबानं बैल जुंपले, मोट सोडली. तळाला दगडावर ती आदळल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बैल धाव उतरले, चाक करकरलं, मोट वर आली आणि पाण्याच्या जागी धुळीचा लोट बाहेर पडला. बैल खाली जाऊन उभे राहिले ते राहिलेच. "हो, हो, मागं सर," ग्यानोबा घामाघूम झाला. लोकांत कोणी शिट्टी मारली. कोणी म्हणालं की टंचाईवाल्याच्याच डोक्यात टंचाई आहे. मला वाटलं, आपण स्वतःच त्या विहिरीत उतरावं आणि वरून कोणी चाक काढून न्यावं.

तेव्हा अप्पा उठले.

कोणाचा हात न धरता ते बाभळीखालून धावेवर आले. ग्यानोबाच्या हातून कासरा घेतला. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बैलांच्या पाठीवर एकेकदा हात ठेवला, जिभेनं टक टक केलं, आणि ते दोन आडमुठे बैल, ज्यांना कोणी शिकवलं नव्हतं, ते एक एक पाऊल मागं टाकत धाव चढायला लागले. ग्यानोबानं कपाळावर हात मारून घेतला. वर आल्यावर अप्पा, मोटकरी बसतो तसे, झटकन दोरावर बसले, बैल उताराला लागले, चाक वाजायला लागलं, आणि त्यांनी आवाज लावला.

"पयली माझी मोट गं, शिवाच्या पिंडीला,
दुसरी माझी मोट गं, मायच्या हंडीला..."

काय तो आवाज! जो माणूस दोन घास खाल्ल्याचं विसरतो, तो एका शब्दाला अडखळत नव्हता. चाकाच्या करकरीवर सूर धरलेला, बैलाच्या पावलावर ताल. मोट वर आली की ओळ संपायची, बैल मागं सरताना नुसता हुंकार, मोट तळाला गेली की पुढची ओळ. तिसरी मोट वाटेनं जाणाऱ्या तहानलेल्याला. चौथी पाखरांना. पाचवी बैलांना. सहाव्या मोटेपासून पाणी रानाला. लहानपणी मी हे रोज ऐकलं असणार, पण पहिल्या पाच मोटा आपल्या रानाच्या नसतात हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. पोराच्या कानावर पडणारं बापाचं गाणं त्याला नुसता रोजचा गलका वाटतो.

तिसरी मोट म्हटली तेव्हा बायकांनी काखेतल्या घागरी खाली ठेवल्या. दोन-चार म्हातारे धावेजवळ सरकले आणि ओळीचा शेवट अप्पांबरोबर ओढायला लागले. तलाठ्याचा पेन कागदावर टेकलेला तसाच राहिला. थारोळ्यात, म्हणजे जिथं पाणी पडायचं त्या दगडी कुंडीत, प्रत्येक वेळी धूळ पडत होती आणि अप्पा तिच्याकडे असं समाधानानं बघत होते की आम्हा सगळ्यांना पाण्याचा आवाज ऐकू आला असता तरी नवल वाटलं नसतं.

दहावी की अकरावी मोट असेल. अप्पांनी गाणं न तोडता मान वळवली आणि गर्दीतून नेमकं माझ्याकडे पाहिलं.

"ए मन्या! उभा काय राहिलास भुतावानी? वाफा भरून चाललाय. दारं मोड की!"

आठ महिन्यांनी माझं नाव. मन्या. अप्पांशिवाय कोणी मला मन्या म्हटलेलं नाही.

मी बूट काढून फेकले. ग्यानोबाच्या खांद्यावरचं खोरं ओढून घेतलं आणि रानात धावलो. तिथं वाफा नव्हता, पाट नव्हता, भेगा पडलेलं रान होतं. पण मिरचीचा पहिला वाफा कुठं होता ते माझ्या पायांना माहीत होतं. तिथं जाऊन मी ढेकळं ओढली, वाफ्यात पाणी शिरतं ते एक दारं बुजवलं, दुसरं उघडलं. "झालं अप्पा!" मी ओरडलो. "हाव! आता दुसरा धर," ते ओरडले आणि पुढची ओळ उचलली. शंभर माणसांच्या समोर, सरकारी नोकर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मी नसलेलं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत होतो. लाज वाटली का म्हणाल तर वाटली नाही. कोणी हसलं नाही. शिवगंगा बाभळीखाली तोंडाला पदर लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी लातुरात त्यांनी मला पुन्हा साहेब म्हटलं. ते आताच सांगून टाकतो, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की अप्पा बरे झाले. ते बरे झाले नाहीत. पुढं सव्वा वर्ष जगले, आणि मन्या ते त्यानंतर एकदाच म्हणाले, तेही झोपेत. पण त्या दुपारी ते चौतीस मोटा गायले. ग्यानोबानं मोजल्या होत्या.

चौतिसावी संपल्यावर त्यांनी बैल सोडले, त्यांच्या मानेखाली खाजवलं आणि रानातून माझ्याकडे चालत आले. मी खोऱ्यावर टेकून उभा. त्यांनी सगळ्या रानावर नजर फिरवली, मिरची नुसती तरारून उभी आहे अशी, आणि मग माझ्या पायांकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"आरं, पाय बघ की. गुडघ्यापत्तूर चिखल. असाच घरात गेलास तर तुझी माय बोंबलंल. जा, धुऊन ये."

माझे पाय पांढरे फटक होते, धुळीनं. मी हात जोडून उभा राहिलो, आता मीच. त्या रानात, त्या शिवारात, पाय धुवायला थेंब नव्हता. अप्पा वाट बघत होते. आणखी थोडं थांबलो असतो तर त्यांच्या डोळ्यांतलं ते ओळखणं निघून गेलं असतं, हे मला कळत होतं.

मागून कोणीतरी आलं. चतुराबाई. वाटेत प्यायला म्हणून घरून आणलेला पाण्याचा तांब्या तिच्या हातात होता. तिनं खाली वाकून तो माझ्या पायांवर तिरका केला.

"धू बाबा," ती हळूच म्हणाली. "बाप सांगून राहिला न्हवं."

मी चोळून चोळून पाय धुतले.